तणनाशके, गवत्या मासा आणि आपली जलज औषधिद्रव्ये

कमळ, कुमुद, शृंगाटक, नीरब्राह्मी ही द्रव्ये आपण द्रव्यगुणात अभ्यासतो. परंतु ज्या तळ्यातून ती येतात, त्या तळ्याची विचारपूस क्वचितच होते. पाणतण काढण्यासाठी तेथे तणनाशके फवारली जातात किंवा गवत्या मासा सोडला जातो. दोहोंचा परिणाम आपल्या औषधिसंग्रहावर होतो.

२,४-डी हे ऑक्सिनसदृश द्रव्य पानांवाटे शिरून वनस्पतीच्या सर्वांगात पसरते. ते मुख्यतः रुंदपर्णी द्विदलांना मारक. परंतु जलपर्णी एकदल असूनही त्यास बळी पडते. (ही दक्षिण अमेरिकेतील वनस्पती, निघंटूंतील कुंभिका ती नव्हे, हिंदीत 'जलकुंभी' म्हणत असले तरी.) तिच्यावरील फवारणीत शेजारचा शिंगाडा, कमळ व काठावरची नीरब्राह्मी सहसा वाचत नाहीत. ग्लायफोसेट पाण्यावर आलेल्या पानांवरच कार्य करते. बुडालेल्या हायड्रिलावर ते निरुपयोगी ठरते.

खरा अनर्थ त्यानंतर घडतो. एकाच वेळी मेलेला वनस्पतिसंभार कुजू लागला की पाण्यातील प्राणवायू घटतो व मासे मरतात. कुजण्यातून मुक्त झालेल्या नत्र-स्फुरदावर सूक्ष्म शेवाळ माजते. म्हणून तळ्याचा थोडाथोडा भागच टप्प्याटप्प्याने हाताळावा लागतो.

गवत्या मासा १९५९ साली हाँगकाँगहून भारतात आणला गेला. हायड्रिला, टिकलीसारखे तरंगते तण आणि कित्येक अभ्यासक ज्यास 'शैवाल' मानतात ते सेराटोफायलम तो आवडीने खातो. जलपर्णीस मात्र सहसा तोंड लावीत नाही. म्हणजे ज्या तणाचा उपद्रव सर्वाधिक, तेथे त्याचा उपयोग अल्प! त्याची पचनशक्ती मंद आहे, पुष्कळसे अन्न अर्धपक्वच बाहेर पडते आणि पुन्हा शेवाळाचे पोषण होते. संख्या जास्त झाल्यास बुडालेल्या वनस्पती निःशेष होऊन पाणी गढूळते. एक बाब समाधानाची: साचलेल्या पाण्यात त्याची वीण होत नाही, त्यामुळे किती मासे सोडायचे हे आपल्या हाती राहते.

औषधाच्या दृष्टीने मासा त्यातल्या त्यात बरा, कारण तो विषांश मागे ठेवीत नाही. फवारलेल्या काठावरून खुडलेली नीरब्राह्मी रूप, रस, गंध यांवरून ओळखता येत नाही. त्यातच ही वनस्पती शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातूही शोषून साठविते. तेव्हा ओली ब्राह्मी घेताना वैद्यांनी पुरवठादारास तळ्याचे नाव, तेथे काय व केव्हा फवारले आणि गावाचे सांडपाणी त्यात मिसळते काय, हे विचारावे. उत्तर न मिळाल्यास ती कुंडीत लावावी. ओलसर मातीत ती सहज वाढते.