किबालेचे चिंपांझी आणि माणसाची सर्दी

युगांडाच्या पश्चिम भागातील किबाले राष्ट्रीय उद्यानात चिंपांझी पाहण्यासाठी आलेल्या पर्यटकाला सर्दी, खोकला किंवा ताप असल्यास जंगलात प्रवेश दिला जात नाही. हजारो मैलांचा प्रवास आणि परवान्याचे घसघशीत शुल्क यांचा विचार करता हा नियम कठोर वाटतो. मात्र त्यामागची कारणे याच जंगलात घडलेल्या घटनांमध्ये आहेत.

किबालेला १९३२ मध्ये राखीव वनाचा आणि १९९३ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सुमारे ८०० चौरस किलोमीटरच्या या अरण्यात माकडे व वानरांच्या तेरा जाती आढळतात आणि चिंपांझींची संख्या जवळजवळ दीड हजार मानली जाते. फोर्ट पोर्टल हे जवळचे शहर. तेथून कान्यान्चू या केंद्रावर पोहोचल्यानंतर पर्यटकांचे लहान गट करून प्रत्येक गटाबरोबर मार्गदर्शक दिला जातो.

चिंपांझी कोठे सापडतील हे निश्चित सांगता येत नाही. ते दररोज संध्याकाळी झाडावर फांद्या वाकवून नवे घरटे बांधतात आणि सकाळ होताच फळांच्या शोधात निघतात. एक मोठा समूह दिवसभरात लहानलहान टोळ्यांमध्ये विखुरतो, पुन्हा एकत्र येतो. आपल्याकडील वड-उंबराच्या कुळातील एखादे झाड फळांनी लगडलेले असेल, तर तेथे त्यांची हमखास गर्दी होते. मार्गदर्शक अशी झाडे, ताजी विष्ठा आणि दूरवरून येणाऱ्या आरोळ्या यांवरून माग काढतात. आरोळी हळू हुंकारांनी सुरू होते आणि चढत जाऊन किंचाळीत संपते. खोडाच्या रुंद मुळांवर हातापायांनी बडवण्याचा आवाजही त्यात मिसळतो. चिंपांझी सापडल्यानंतर त्यांच्या सहवासात साधारणपणे एक तासच थांबता येते.

मुळात वन्य चिंपांझी माणसाला पाहताच पळून जातात. पर्यटकांना दिसणाऱ्या समूहाला माणसाची सवय व्हावी, यासाठी कर्मचाऱ्यांना अनेक वर्षे त्यांच्या मागे रोज चालावे लागते. या प्रक्रियेत माणसाची भीती जाते, आणि धोकाही तेथेच सुरू होतो. चिंपांझी हा माणसाचा अत्यंत निकटचा आप्त असल्याने माणसाचे अनेक रोगजंतू त्याच्या शरीरात सहज शिरकाव करतात. प्रतिकारशक्ती मात्र त्याच्यापाशी नसते.

किबालेतील कान्यावारा येथे १९८७ पासून चिंपांझींचा दीर्घकालीन अभ्यास सुरू आहे. २०१३ मध्ये तेथील ५६ चिंपांझींपैकी पाच श्वसनविकाराने दगावले. त्यांतील एका दोन वर्षांच्या पिलाच्या शवविच्छेदनानंतर केलेल्या तपासणीत माणसाला सर्दी करणारा, ऱ्हायनोव्हायरस सी हा विषाणू आढळला. २०१६ च्या अखेरीस आणि २०१७ च्या आरंभी न्गोगो येथील समूहात याहून मोठी साथ आली. सुमारे दोनशे प्राण्यांच्या या समूहातील २५ चिंपांझी मृत्युमुखी पडले. कारणीभूत विषाणू होता मेटान्यूमोव्हायरस, जो लहान मुलांमध्ये नेहमी आढळतो. चिंपांझीची मादी साधारण पाच-सहा वर्षांतून एकदाच पिलाला जन्म देते, हे लक्षात घेतले तर या हानीची भरपाई किती संथ असते याची कल्पना येईल.

येथे एक बाब सांगितली पाहिजे. न्गोगो व कान्यावारा ही पर्यटनाची नव्हे, तर संशोधनाची केंद्रे आहेत. त्यामुळे दोष केवळ पर्यटकांच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, परिसरातील मुलांमध्ये फिरणारे सर्दीचे विषाणू जंगलात काम करणाऱ्या प्रौढांमार्फत आत पोहोचू शकतात, आणि त्या प्रौढांना कोणतेही लक्षण जाणवतेच असे नाही. म्हणजेच प्रवेशद्वारावरील विचारपूस आवश्यक असली तरी पुरेशी नाही.

म्हणूनच अंतर आणि मुखपट्टी यांना महत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०१० मधील मार्गदर्शक तत्त्वांत किमान सात मीटर अंतर व मुखपट्टीची शिफारस होती. कोविडच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, हे अंतर दहा मीटर करण्याचा सल्ला देण्यात आला. चिंपांझी स्वतःच जवळ आला तर पर्यटकाने मागे सरावे अशी अपेक्षा असते. छायाचित्राच्या मोहात नेमके हेच विसरले जाते.

तरीही पर्यटन बंद करावे, असे म्हणणे सोपे नाही. उद्यानाच्या प्रवेश शुल्कातील २० टक्के वाटा कायद्याने लगतच्या गावांना दिला जातो. शेतीने चहूबाजूंनी वेढलेल्या या जंगलात हरिण-डुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासांत अडकून कित्येक चिंपांझींनी हात वा पाय गमावले आहेत. फासे शोधून काढणाऱ्या गस्ती पथकांनाही पैसा लागतो.

भारतातून जाणाऱ्यांसाठी एक सूचना: पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेऊन तिचे प्रमाणपत्र जवळ बाळगावे. युगांडात उतरताना ते लागते आणि मायदेशी परतल्यावर भारतीय विमानतळावरही मागितले जाते.