एक रानातला, एक समुद्रातला

रताळी काढणीला आली की बेळगाव तालुक्यात एक तक्रार हमखास कानी पडते, "रात्री साळिंदरानं शेत उकरलं!" मराठीत साळिंदर किंवा साळू, तर कन्नडमध्ये मुळ्ळुहंदी, म्हणजे काटेरी डुक्कर. खरे तर हा प्राणी डुकराच्या नव्हे, उंदराच्या गोतावळ्यातला.

मागे विद्यार्थ्यांना घेऊन मालवणला गेलो होतो. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या खळग्यांत काळे काटेरी गोळे दिसले. "सर, हे समुद्रातलं साळिंदर का?" एका मुलीने विचारले. प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. या जीवाचे इंग्रजी नाव सी अर्चिन, आणि जुन्या काळच्या इंग्रजीत अर्चिन म्हणजे हेजहॉग हा छोटा काटेरी प्राणी.

नाते पाहू गेल्यास मात्र दोघे फार दूरचे. साळिंदर सस्तन, पिलांना दूध पाजणारे. अर्चिनला ना पाठीचा कणा, ना मेंदू. तो तारामाशाचा भाऊबंद. साळिंदराचे काटे म्हणजे कडक झालेले केसच. अर्चिनचे काटे चुन्याचे असतात, आणि बुडाशी उखळीसारखा सांधा असल्याने हवे तिकडे वळतात.

तरीही साम्य आहे. साळिंदर मातीत बीळ खोदते. अर्चिनच्या काही जाती दातांनी आणि काट्यांनी चक्क खडक झिजवून त्यात घर करतात! दोघांचेही दात झिजतात आणि पुन्हा वाढतात. अर्चिनच्या तोंडातल्या पाच दातांच्या यंत्राला 'ॲरिस्टॉटलचा कंदील' म्हणतात.

काटे दोघांनाही बचावासाठीच. साळिंदर काटे फेकून मारते, ही समजूत खोटी. ते आधी काटे फुलवते, शेपटीच्या पोकळ काट्यांचा खुळखुळाट करते. एवढ्यानेही शत्रू हटला नाही, तर उलट्या पावली त्याच्यावर धावते. तेव्हा सैल काटे त्याच्या अंगात रुततात.

सीमंतोन्नयनात गर्भवतीचा भांग साळिंदराच्या काट्याने पाडण्याची आपली जुनी प्रथा. त्याच प्राण्याला दिसताक्षणी मारायचे का? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याची शिकार गुन्हा आहे. शेतकऱ्याचे नुकसान खरे, पण त्यावर उपायही आहे. कुंपणाची जाळी जमिनीत खोल गाडावी, म्हणजे साळिंदराला खालून उकरून आत येणे जड जाते. आणि मालवणला जाल तेव्हा मुलांना खडकांवर अनवाणी सोडू नका. काटेवाल्यांपासून चार हात दूर राहिले, की तेही आपल्या वाटेला जात नाहीत.