बुलेटचा क्लच : डाव्या मुठीचा हिशेब

जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या डाव्या अंगाला, पायापाशी, एक मोठं चकचकीत झाकण असतं. हे अख्खं झाकण मधोमध असलेल्या एकाच नटावर धरलेलं असतं. कडेने बोल्टांची रांग नाही; एक नट आणि खाचेत बसवलेली रबरी सीलची कडी, बस्स. या रचनेचं कौतुक करणारे आणि तिला शिव्या घालणारे, दोघंही एकाच गॅरेजात भेटतात. कौतुक अशासाठी की झाकण दोन मिनिटांत हातात येतं. शिव्या अशासाठी की सील जरा मुरडलं, किंवा नट आवळून आवळून झाकण वाकलं, की गाडी उभी राहील तिथे तेलाचा ठिपका पडतो. या मॉडेलात गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. त्यामुळे आधी डावा फूटरेस्ट आणि ब्रेकचं पेडल काढायचं, मग तो नट.

बुलेटबद्दल बोलणं निघालं की ते आवाजापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. सायलेन्सरवर पैसा खर्च होतो, टाकीवरच्या सोनेरी पट्ट्या हाताने मारून घेतल्या जातात. झाकणाआडच्या क्लचकडे लक्ष जातं ते खंबाटकीच्या चढावर, जेव्हा इंजिनाचा आवाज चढत जातो पण गाडी काही त्या बेतात पुढे सरकत नाही.

ही गाडी मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. १९५५च्या सुमारास मद्रासला तिची जुळणी सुरू झाली आणि पुढे ती पूर्ण इथलीच झाली. रेडिचचा कारखाना बंद पडला तरी मद्रासमध्ये जवळपास तोच आराखडा दशकानुदशकं चालू राहिला. त्या आराखड्यात इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा. दोघांना जोडणारी दुपदरी प्रायमरी चेन आणि क्लच हे या डाव्या पेटीत राहतात. म्हणून जुन्या बुलेटला तेलाच्या तीन वेगळ्या जागा : इंजिनाचं ऑइल, गिअरबॉक्समधलं ग्रीस आणि या पेटीतलं क्लचचं ऑइल. २००८-०९च्या सुमारास एकसंध इंजिन आलं, तेव्हा हा वेगळा संसार मोडला.

झाकण काढल्यावर पुढे इंजिनाच्या शाफ्टवर लहान स्प्रॉकेट दिसतं, मागे क्लचचं मोठं चक्र. लहानाला २५ दाते, मोठ्याला ५६. म्हणजे क्लच इंजिनापेक्षा सव्वादोन पट सावकाश फिरतो, पण तेवढाच जास्त पीळ त्याच्या अंगावर येतो. ३४६ सीसीचं इंजिन कागदावर जेमतेम १८ अश्वशक्तीचं असलं तरी त्याचा ठोका दांडगा असतो. चक्राला जोडलेल्या ड्रममध्ये अस्तर लावलेल्या फ्रिक्शन प्लेटा आणि कोऱ्या पोलादी प्लेटा आलटून पालटून रचलेल्या असतात. एकीचे कान बाहेरच्या ड्रममध्ये अडकतात, दुसरीचे आतल्या सेंटरवर. वरून प्रेशर प्लेट आणि तिला दाबणाऱ्या स्प्रिंगा. मुठीतला लिव्हर ओढला की केबल गाडीच्या उजवीकडे गिअरबॉक्सपर्यंत जाते, तिथला वर्म फिरतो, पोकळ शाफ्टमधून एक दांडा डावीकडे सरकतो आणि प्रेशर प्लेट उचलली जाते. हात डावीकडे, प्लेटा डावीकडे, पण निरोप मात्र उजवीकडून वळसा घालून येतो.

किकसुद्धा याच वाटेने इंजिनापर्यंत पोचते : गिअरबॉक्सचा शाफ्ट, क्लच, चेन, मग क्रँक. म्हणून क्लच घसरायला लागल्याची पहिली खबर रस्त्यावर मिळत नाही, ती दारात मिळते. किक मारावी तर पाय खाली जातो आणि इंजिन फिरतच नाही. नवखा माणूस किकच्या दात्यांना दोष देतो. जाणता मिस्त्री आधी केबलचा खेळ बघतो. याच्या उलट, रात्रभर उभ्या गाडीत प्लेटा तेलाने एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. म्हणून सकाळी सुरू करण्याआधी क्लच दाबून दोन किका मारायच्या, हा जुन्या बुलेटवाल्यांचा नेम. तो पाळला नाही तर पहिला गिअर असा खाडकन पडतो की शेजारी खिडकीत येतात.

क्लचचे आजार मुळात दोनच. एक, धरत नाही. दुसरा, सुटत नाही. आणि एकावरचं औषध बहुतेक वेळा दुसऱ्याला बळ देतं. क्लच बांधण्याचं सगळं कसब या दोन्हींच्या मधली जागा शोधण्यात आहे.

बाजारात सगळ्यात आधी पुढे केलं जातं ते ‘हेवी ड्यूटी’ स्प्रिंगांचं पाकीट. क्लच घसरतोय ना, मग कडक स्प्रिंगा टाका. माझ्या मते यासारखा वाईट सौदा नाही. दाब पाव पटीने वाढवला की मुठीचा भारही पाव पटीने वाढतो. गर्दीत तासभर गाडी चालवली की मनगट बोलायला लागतं. वर्म, दांड्याचं टोक आणि केबलचं निप्पल या सगळ्यांवर तोच जादा भार बसतो. केबल तुटते ती बहुधा निप्पलपाशीच, आणि तीही भर चौकात. शिवाय ज्या कारणाने क्लच घसरत होता ते कारण जागच्या जागीच राहतं.

दुसरा रस्ता प्लेट वाढवण्याचा. ३५०च्या चार प्लेटांच्या जागी पाच प्लेटांचा क्लच बसवणं ही बुलेटवाल्यांमधली जुनी, खात्रीची सुधारणा. तिच्यामागचं गणित सुंदर आहे. प्लेटा एकामागे एक रचलेल्या असल्यामुळे स्प्रिंगांचा तोच दाब प्रत्येक जोडीतून पुढे जातो, वाटला जात नाही. चार प्लेटांना घासणारे पृष्ठभाग आठ, पाच प्लेटांना दहा. म्हणजे स्प्रिंगा त्याच, मुठीचा भार तोच, आणि पकड मात्र २५ टक्के जास्त. फक्त त्यासाठी जास्त खोलीचा ड्रम आणि त्याला जुळणारं सेंटर लागतं. जुन्याच ड्रममध्ये पाचवी प्लेट कोंबून चालत नाही.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. समजा, लिव्हर ओढल्यावर प्रेशर प्लेट २ मिलिमीटर उचलली जाते. आठ पृष्ठभागांत ती जागा वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव मिलिमीटर फट येते. दहांत वाटली तर ०.२. म्हणजे पाच प्लेटांचा क्लच अधिक धरतो, पण सुटायला कुरकुरतो. एखादी प्लेट जरा जरी वाकडी असेल तरी ती शेजारणीला घासत राहते, सिग्नलला गाडी पुढे ओढते आणि न्यूट्रल सापडू देत नाही. (बुलेटला न्यूट्रल शोधायचं वेगळं पेडल दिलेलं होतं, वरच्या गिअरमधून टाचेने दाबलं की थेट न्यूट्रल. फार सोयीचं. पण चिकटणारा क्लच झाकण्यासाठी त्याचा वापर किती जणांनी केला असेल, देव जाणे.) मूठ हलकी व्हावी म्हणून गिअरबॉक्सकडचा लिव्हर लांब केला तरी हाच प्रश्न उभा राहतो. भार कमी होतो, आणि प्लेट उचलली जाते तीही कमीच.

म्हणून खरी सुधारणा नव्या भागांच्या पाकिटात नसते, ती जुळणीत असते. चांगला मिस्त्री काय करतो ते बघण्यासारखं असतं. दोन जुन्या प्लेटा एकमेकींना वेल्ड करून त्यांना लांब दांडा लावलेलं घरगुती हत्यार त्याच्याकडे असतं. ते ड्रम आणि सेंटरमध्ये घातलं की दोन्ही एकमेकांना अडकतात आणि मधला नट सुटतो. लॉक वॉशरचा दुमडलेला कान आधी छिन्नीने सरळ करायचा, हे तो न बोलता करतो. मग पोलादी प्लेटा जाड काचेवर ठेवून खालून फीलर गेज सरकवायचा. जी प्लेट निळी पडली आहे ती तापली आहे आणि तापलेली प्लेट बहुधा वाकलेली असते. ड्रमच्या खाचांवर नख फिरवायचं. प्लेटांचे कान तिथे वर्षानुवर्षं ठोके देत राहतात आणि खाचेच्या भिंतीला खळगे पाडतात. लिव्हर ओढल्यावर कान त्या खळग्यात अडकतो, प्लेट सरकत नाही, आणि बाहेर बसलेला माणूस स्प्रिंगा बदलत राहतो. खळगे उथळ असतील तर सपाट कानशीने भिंत सरळ करता येते. खोल असतील तर ड्रमच बदलावा.

स्प्रिंगांची मोकळी लांबी कॅलिपरने मोजून बरोबरीच्या जोड्या समोरासमोर बसवायच्या, एखादी बुटकी निघाली तर तिच्याखाली वॉशर द्यायचा. मग झाकण न लावता क्लच दाबून किक सावकाश खाली न्यायची आणि प्रेशर प्लेटची कड पाहायची. ती डुलत असेल तर एक बाजू आधी सुटते आणि दुसरी घासत राहते. ही तपासणी फुकटात होते आणि बहुतेक गॅरेजांत होत नाही. दांड्याचं टोकही पाहावं. तापून त्याचं पाणी उतरलं असेल तर टोक फुलतं आणि क्लचची जुळणी दर आठवड्याला बदलत जाते.

प्रायमरी चेन फिरवत फिरवत तपासावी लागते, कारण झिजलेल्या दात्यांमुळे ती एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल असते. जिथे सगळ्यात ताठ, तिथे पाव इंच हालचाल हवी. सैल जागेवर बघून ताणली तर ताठ जागेवर शाफ्टच्या बेअरिंगांवर ताण पडतो.

अस्तराविषयी एक इशारा. एके काळी क्लचच्या प्लेटांत बुचाचे तुकडे बसवत, नंतर चिकटवलेली अस्तरं आली, आणि जुन्या अस्तरांमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असे. आता कागदी तंतू, केवलार, काही इंजिनांत सिंटर केलेलं कांस्य. जुनी पेटी उघडल्यावर वाळलेली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. गॅरेजातल्या पोराच्या फुप्फुसाचा हा प्रश्न आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही.

तेलाचं प्रकरण याहून सोपं, पण गोंधळ त्यातच जास्त. मोटारीच्या आधुनिक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात. इंजिनाला ती हवी असतात, क्लचला नको असतात. डब्यावर ‘जासो एमए’ असं लिहिलेलं ऑइल ओल्या क्लचसाठी असतं, ‘एमबी’ लिहिलेलं नसतं. बुलेटच्या पेटीत काही जण ऑटोमॅटिक गाड्यांचं ट्रान्समिशन फ्लुइड घालतात. ते ऐकायला विचित्र वाटतं, पण त्या ट्रान्समिशनमध्येही तेलात बुडालेले क्लचच असतात, तेव्हा ते बरोबरच आहे. तेल पातळीच्या बोल्टपर्यंतच घालावं. जास्त तेलाने प्लेटा जास्त चिकटतात.

धरणं आणि सोडणं यांचा हा तंटा सोडवायचे प्रयत्न जगभर झाले. फिलिप व्हिन्सेंटच्या गाड्यांत छोटा प्लेट-क्लच आधी धरायचा आणि त्याच्या जोरावर ड्रममधले शूज फाकायचे. नॉर्टन कमांडोने बऱ्याच स्प्रिंगांऐवजी एकच पातळ डायाफ्राम वापरला. आजच्या असिस्ट-स्लिपर क्लचमध्ये तिरप्या पायऱ्या असतात. इंजिनाचा पीळच प्लेटांना एकमेकींकडे ओढतो, म्हणून स्प्रिंगा मऊ ठेवता येतात. आणि घाईने खालचा गिअर टाकला तर त्याच पायऱ्या प्लेटांना थोडं सैल सोडतात. चाकणला बनणाऱ्या डॉमिनारला स्लिपर क्लच आहे, रॉयल एनफील्डच्या ६५० जोडीलाही. कास्ट आयर्न बुलेटला मात्र कानस, काच आणि फीलर गेजवरच भागवावं लागतं.

जुळणी झाल्यावर लिव्हरच्या टोकाशी थोडा खेळ ठेवतात, साधारण २-३ मिलिमीटर. नव्या प्लेटा बसल्यानंतरच्या पहिल्या काहीशे किलोमीटरांत तो बदलतो, आणि इथे भलेभले फसतात. केबल ताणली की खेळ वाढतो. प्लेटा झिजल्या की प्रेशर प्लेट आत सरकते, दांड्याला टेकायला लागते आणि खेळ कमी होतो. त्यामुळे ‘केबल छान टाइट आहे’ म्हणून खूश होणाऱ्या माणसाचा क्लच कधीकधी पूर्ण मिटलेलाच नसतो. मुठीला हात न लावताही तो अर्धा दाबलेला असतो आणि घाटात जळतो. अशा वेळी आधी केबल सैल करून गिअरबॉक्सकडची जुळणी करायची, केबलचा ॲडजस्टर त्यानंतर.