छापील चित्रात पांढरं कुठून येतं?

स्टाउर नदीच्या उथळ पाण्यात उभी घोडागाडी, डावीकडे घर, वर ढगांनी भरलेलं आभाळ. जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’. १८२१ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही, १८२४ मध्ये पॅरिसात सुवर्णपदक मिळालं. आज मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि फ्रेम केलेल्या प्रती घरोघरी.

कॉन्स्टेबल पानांवर, पाण्यावर पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके मारायचा. ‘कॉन्स्टेबलचं बर्फ’ म्हणून लोकांनी त्यांची टर उडवली. हे ठिपके चित्रात अगदी शेवटी, सगळ्या रंगांच्या वर बसलेले. आता इंकजेटवर छापलेली प्रत भिंगाखाली धरा. निळे, किरमिजी, पिवळे, काळे कण दिसतील. पांढरा एकही नाही. या छपाईत सहसा पांढरी शाई नसतेच! शाई जिथे पडली नाही, तिथला कोरा कागद म्हणजे पांढरं. चित्रकाराने सर्वांत वर ठेवलेली गोष्ट छपाईत थेट तळाशी जाते.

म्हणूनच प्रत घेताना आधी कागदाची चौकशी करावी, फ्रेमच्या नक्षीची नंतर. लखलखीत पांढऱ्या कागदात बहुधा ब्राइटनर असतं. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतं. काही वर्षांनी त्याचा जोर ओसरतो आणि बर्फ पिवळं पडू लागतं. गंमत म्हणजे, चित्र जपायला अतिनील किरण अडवणारी काच लावली, तर ब्राइटनरची चमक त्याच दिवशी मंदावते. त्यापेक्षा सुती लगद्याचा, आम्लविरहित, बिनब्राइटनरचा कागद आणि पिगमेंट शाई घ्यावी. सुरुवातीला रंग किंचित मलईसारखा वाटतो, पण टिकतो.

मूळ चित्र १३०.२ × १८५.४ सेंमी. योगायोगाने हे प्रमाण ए-टू कागदाशी जवळपास जुळतं, त्यामुळे फारसं काही कापावं लागत नाही. ए-टूचं क्षेत्रफळ मात्र मूळ चित्राच्या जेमतेम दहावा हिस्सा. गाडीवानाचा चेहरा तिथे शोधू नये.

‘माउंट कशाला, चित्र मोठं दिसेल,’ असं फ्रेमवाला म्हणाला तरी माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घ्याच. त्याच्या जाडीमुळे काच कागदापासून लांब राहते. नाहीतर पावसाळ्यात दमटपणाने दोन्ही चिकटतात आणि सोडवताना अर्धं आभाळ काचेवर निघून येतं.