कॉलेजची वेबसाइट वाचायची कशी? ‘विद्यापीठ’ या एका शब्दाची गोष्ट

मोबाइलवर ‘पापनाशम’ हा शब्द शोधून पाहा. २०१५ चा कमल हासन यांचा चित्रपट सापडतो. तिरुनेलवेली जिल्ह्यात ताम्रपर्णीच्या काठचं, धरण आणि धबधब्यासाठी प्रसिद्ध असलेलं पापनाशम सापडतं. आणि तंजावर जिल्ह्यातलं, तंजावर-कुंभकोणम रेल्वेमार्गावरचं तालुक्याचं पापनाशमही सापडतं. नाव एक, गावं दोन. प्रवासाला निघालेल्या माणसाने नीट पाहिलं नाही तर तो शेकडो किलोमीटर भलतीकडे जाऊन पोहोचेल.

कॉलेज निवडताना नेमकं हेच होतं, आणि तिथून परत फिरणं प्रवासाइतकं सोपं नसतं. म्हणून आज या तंजावरकडच्या पापनाशमपासूनच सुरुवात करू.

समजा, या गावातल्या बारावी झालेल्या मुलीला पुढे शिकायचं आहे. एका बाजूला कुंभकोणम, दुसऱ्या बाजूला तंजावर. कुंभकोणमला १८५४ मध्ये सुरू झालेलं सरकारी कॉलेज आहे. श्रीनिवास रामानुजन काही काळ तिथेच शिकले. हे कॉलेज तिरुचिरापल्लीच्या भारतिदासन विद्यापीठाशी संलग्न आहे, म्हणजे पदवी विद्यापीठाची असते, कॉलेजची नाही. तंजावरला तमिळ विद्यापीठ आहे. ते १९८१ मध्ये राज्य सरकारने स्थापन केलं. आणि तंजावरजवळच सास्त्रा आहे. १९८४ मध्ये षण्मुघ इंजिनीअरिंग कॉलेज म्हणून ती सुरू झाली आणि २००१ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

संलग्न कॉलेज, कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ आणि अभिमत विद्यापीठ. कायद्याच्या दृष्टीने या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पण मोबाइलच्या पडद्यावर त्या एकाखाली एक, सारख्याच दिसतात. त्यांच्याही वर ‘प्रायोजित’ असं बारीक अक्षरात लिहिलेली चौथ्याच कुणाची तरी जाहिरात असते.

आता ‘अभिमत’ म्हणजे काय? अभिमत म्हणजे मानलेलं. विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ चा आहे. त्याच्या कलम ३ नुसार, आयोगाच्या सल्ल्याने केंद्र सरकार एखाद्या संस्थेला विद्यापीठासमान मानू शकतं. अशी संस्था स्वतः पदवी देते. पण त्याच कायद्याचं कलम २३ सांगतं की केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन न झालेल्या संस्थेने आपल्या नावात ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द लावू नये. नियम जुना होता, पण पाट्यांवर, माहितीपुस्तकांत आणि वेबसाइटवर तो शब्द सर्रास झळकत होता.

मग २०१७ साल उजाडलं. काही अभिमत संस्थांनी परवानगी नसताना दूरशिक्षणातून इंजिनीअरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. तो वाद सर्वोच्च न्यायालयात होता. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी न्या. आदर्शकुमार गोयल आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना परीक्षेची संधी देण्यात आली. त्यानंतरच्या तुकड्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. म्हणजे चूक संस्थांची, पण पदवी गेली ती नोकरी सांभाळून शिकलेल्या माणसांची. त्याच निकालात न्यायालयाने आयोगाला सांगितलं की अभिमत संस्थांचा ‘युनिव्हर्सिटी’ शब्दाचा वापर महिन्याभरात थांबवा. आयोगाने १० नोव्हेंबरला १२३ संस्थांना पत्र पाठवलं. हवं तर नावापुढे कंसात ‘डीम्ड टु बी युनिव्हर्सिटी’ लिहा, एवढी मुभा राहिली.

याचा परिणाम पापनाशमच्या शेजारीच दिसतो. तंजावरजवळच्या वल्लमची पेरियार मणियम्मै युनिव्हर्सिटी आता ‘पेरियार मणियम्मै इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ आहे. सास्त्राही आता नावासोबत ‘डीम्ड’ हा शब्द लावते. या दोन्ही संस्थांचा त्या दूरशिक्षणाच्या खटल्याशी संबंध नव्हता. नियम सगळ्यांना लागला, म्हणून नावं बदलली.

नाव बदलणं ऐकायला सोपं वाटतं. पण वेबसाइट, लोगो, समाजमाध्यमांवरची खाती, गुणपत्रिकांचे नमुने आणि लोकांची शोधायची सवय, एवढं सगळं त्या शब्दाला बांधलेलं असतं.

मराठी वाचकासाठी इथे आणखी एक गुंता आहे. पुण्याची भारती विद्यापीठ ही संस्था १९६४ ची, तिला अभिमत दर्जा १९९६ मध्ये मिळाला. टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१ चं, दर्जा १९८७ चा. दोन्हींच्या नावात ‘विद्यापीठ’ शब्द दर्जा मिळण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. उलट डेक्कन कॉलेज आणि गोखले इन्स्टिट्यूट हीदेखील अभिमत विद्यापीठंच, पण नावात तसं काही नाही. म्हणून नावावरून दर्जा ओळखू नका, आणि दर्जावरून गुणवत्ताही ठरवू नका. अभिमत असणं म्हणजे कमी असणं नव्हे. फक्त पदवी कोण देणार आणि कुठल्या अधिकाराने, हे आधी माहीत हवं. ते आयोगाच्या वेबसाइटवरच्या यादीत पाहता येतं. बनावट विद्यापीठांची यादीही तिथेच असते.

आता नावानंतरचा दुसरा शब्द घेऊ, ‘पॅकेज’. समजा, दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना वर्षाला ४ लाखांची नोकरी मिळाली आणि एकाला ४४ लाखांची. सरासरी निघते ८ लाख. जाहिरातीत ‘सरासरी पॅकेज ८ लाख’ असं छापलं तर गणित बरोबरच आहे, पण दहापैकी एकालाही ८ लाख मिळालेले नाहीत. इथे मध्यक पाहायचा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने मांडून मधोमध येणारा आकडा. आपल्या उदाहरणात तो ४ लाख. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली आणि मध्यक पगार किती, ही माहिती द्यावी लागते आणि ती सगळ्यांना पाहता येते. मात्र ती संस्थेनेच भरलेली असते, हे लक्षात असू द्या. आणि कुणी ‘देशात अव्वल’ म्हटलं तर तीन प्रश्न विचारा. कोणती यादी? कोणता गट? कोणतं वर्ष?

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. ‘शेवटच्या दोनच जागा’ अशी खोटी घाई दाखवणंही २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या पद्धतींमध्ये मोडतं.

तिसरी गोष्ट म्हणजे तुमचा फोन नंबर. ‘मोफत समुपदेशन’ म्हणून फॉर्म भरला की दुसऱ्या दिवसापासून पाच ठिकाणांहून फोन का येतात? कारण प्रवेशाच्या बाजारात नंबर ही विकाऊ वस्तू आहे. इच्छुकांची माहिती गोळा करून ती अनेक संस्थांना देणं हाच काही वेबसाइटचा धंदा असतो. आणि बारावीचं मूल अनेकदा १७ वर्षांचं असतं. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरतो. त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्या कॉलेजांची सगळी प्रवेशमोहीम १७ वर्षांच्या मुलांवर उभी आहे, त्यांना पद्धत बदलावीच लागेल.

इथे कॉलेजची बाजूही समजून घेऊ. तालुक्यातलं एखादं प्रामाणिक कॉलेज ‘दहापैकी सहा जणांना नोकरी लागली’ असं लिहितं. शेजारचं ‘१००%’ लिहितं. पालक कुठे जाणार? खरं बोलणाऱ्याचं नुकसान होऊ द्यायचं नसेल, तर नियम सगळ्यांना सारखा लागला पाहिजे. २०१७ मध्ये नावांच्या बाबतीत तसं झालं. पगाराच्या आकड्यांच्या बाबतीत अजून व्हायचं आहे. तोवर कॉलेजांनी निदान एवढं करावं. वेबसाइटवरच्या प्रत्येक दाव्यासमोर वर्ष आणि एकूण विद्यार्थीसंख्या लिहावी, आणि तो मजकूर मार्केटिंगच्या एजन्सीकडे न सोपवता कुलसचिव किंवा प्राचार्यांनी वाचून मंजूर करावा.

पालकांसाठी शेवटचं. पैसे भरण्याआधी शुल्क परताव्याचं पान उघडा. आयोगाच्या २०१८ च्या धोरणानुसार, प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला, तर किरकोळ प्रक्रिया खर्च वगळून पूर्ण शुल्क परत मिळतं. नंतर ते टप्प्याटप्प्याने कमी होतं. काही वर्षी आयोग वेगळ्या तारखा जाहीर करतो, त्या पाहा. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला संस्थेला परवानगी नाही. आणि ज्या पानावर विश्वास ठेवून पैसे भरता, त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. वेबसाइटवरचा मजकूर एका रात्रीत बदलू शकतो. तुमच्याकडचा कागद बदलत नाही.

पापनाशमची गाडी पकडताना जिल्हा विचारतो ना, तसंच कॉलेजचं नाव ऐकलं की विचारा, पदवी कोण देणार? बाकीचे प्रश्न त्यानंतर. पुन्हा भेटू, पुढच्या भागात.