दुर्बिणीची तपासणी झाली, पण नीट झाली का?

‘दुर्बिणीने तपासले, काही निघाले नाही,’ असे कळले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण ‘काही नाही’ आणि ‘काही दिसले नाही’ यांत फरक आहे. तो आपल्या कुटुंबांना कळावा म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

मोठ्या आतड्याचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. बहुधा आधी आतड्याच्या अस्तरावर लहान मांसल गाठ येते. तिला पॉलिप म्हणतात. अशा काही गाठींचा बऱ्याच वर्षांनी कर्करोग होतो. कोलोनोस्कोपीत गुदद्वारातून कॅमेऱ्याची लवचीक नळी घालून आतडे पाहतात आणि गाठ दिसली तर बहुतेक वेळा तिथेच काढतात. म्हणजे रोग होण्याआधीच अडवता येतो. पण गाठ नजरेतून सुटली तर माणूस निर्धास्त होतो आणि रोग आत वाढत राहतो.

ब्रिटनने काय केले?

ब्रिटनमध्ये निरोगी दिसणाऱ्या लोकांचीही तपासणी करण्याचे ठरत होते. त्याआधी तिथल्या सरकारी रुग्णालयांतल्या ९,२२३ कोलोनोस्कोपींची पाहणी झाली. ती २००४ साली प्रसिद्ध झाली. नळी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत पोहोचल्याची नोंद सुमारे ७७ टक्के तपासण्यांत होती. कडक कसोटी लावली तेव्हा हा आकडा ५७ टक्क्यांवर आला! ब्रिटनने हे झाकून ठेवले नाही. प्रशिक्षण सुधारले. २००६ साली इंग्लंडमध्ये कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्यात काम करू इच्छिणाऱ्या डॉक्टरांना, अनुभवी असले तरी, वेगळी परीक्षा द्यावी लागली. २०११ साली देशभर पुन्हा मोजले, तेव्हा पोहोचण्याचे प्रमाण ९२ टक्क्यांवर गेले होते. यंत्र असून भागत नाही, काम मोजावे लागते, हाच त्याचा धडा.

चांगली तपासणी कशी ओळखावी?

पहिली गोष्ट, नळी टोकापर्यंत गेली पाहिजे. दुसरी, आतडे स्वच्छ हवे. मळ राहिला तर त्याखाली गाठ लपते. हे काम आपल्याच हाती आहे. जुलाबाचे औषध दोन भागांत घेतले तर आतडे अधिक साफ होते. अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या चार ते सहा तास आधी. पहाटे उठावे लागले तरी कंटाळा करू नये. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

तिसरी गोष्ट, नळी बाहेर काढताना घाई नको, कारण खरे पाहणे तेव्हाच होते. अमेरिकेतल्या रॉकफर्ड शहरातल्या १२ डॉक्टरांचे काम २००६ साली प्रसिद्ध झाले. सरासरी सहा मिनिटे किंवा जास्त वेळ घेणाऱ्यांना २८ टक्के लोकांत गाठी सापडल्या, घाई करणाऱ्यांना जेमतेम १२ टक्के लोकांत. २०१४ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसले, की गाठी शोधण्याचे डॉक्टरांचे प्रमाण एक टक्क्याने वाढले की त्यांच्या रुग्णांना पुढे कर्करोग होण्याचा धोका तीन टक्क्यांनी घटतो.

आपण काय करावे?

आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी होते, आतड्याची नाही. त्यामुळे बहुतेकांना त्रास झाल्यावरच कोलोनोस्कोपी सांगितली जाते. शौचातून रक्त, अनेक आठवडे बदललेली शौचाची सवय, कारण नसताना घटलेले वजन किंवा अंगातले कमी झालेले रक्त यांकडे ‘मूळव्याध असेल’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

तपासणीनंतर निःसंकोच विचारा : नळी टोकापर्यंत गेली का? आतडे साफ होते का? गाठ काढली असेल तर ती प्रयोगशाळेत पाठवली का? पुन्हा केव्हा यायचे? या गोष्टी रिपोर्टवर लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. आतडे साफ नव्हते असे लिहिले असेल, तर तपासणी पुन्हा करावी लागेल का, हे विचारायला लाजू नका. एका दिवसाची मजुरी बुडवून आणि पैसे मोजून तपासणी करून घेणाऱ्या माणसाला ती पुरी झाली की नाही, हे विचारण्याचा हक्क आहे. आणि तपासणी चांगली झाली असली तरी नंतर त्रास सुरू झाला, तर जुन्या रिपोर्टवर विसंबून घरी बसू नका.