वर्गास न येण्याचीं कारणें

कॉलेजांतील हजेरीपट हें वरकरणी अत्यंत रुक्ष पुस्तक आहे. त्यांत क्रमांक असतात, नांवें असतात आणि प्रत्येक नांवापुढें खुणांची एक लांबलचक रांग असते. परंतु या रांगेंतील गैरहजेरीच्या खुणेमागें बहुधा एखादी कथा दडलेली असते आणि ती दुसऱ्या दिवशीं, तास संपल्यावर, प्राध्यापकांच्या टेबलाजवळ सांगितली जाते. विद्यार्थी सांगतो, प्राध्यापक ऐकतात. आणि दोघांच्याहि मनांत प्रश्न एकच असतो. यावर विश्वास बसणार कीं नाहीं?

हा प्रश्न उत्पन्न होतो तो नियमांमुळें. महाविद्यालयांत केवळ परीक्षा उतरून भागत नाहीं. ‘टर्म’ भरावी लागते. एके काळीं लंडनला बॅरिस्टर होऊं इच्छिणाऱ्यास बारा टर्म भराव्या लागत, आणि टर्म भरणें म्हणजे तेथें व्याख्यानें ऐकणें नव्हे, तर भोजनास उपस्थित राहणें! दर टर्ममधील सुमारें चोवीस भोजनांपैकीं निदान सहांस हजेरी लावली कीं काम झालें, असें गांधीजींनीं आपल्या आत्मकथेंत सांगितलें आहे. इकडे हजेरी धरली जाते ती व्याख्यानांची, आणि अनेक विद्यापीठांत ती ७५ टक्के असावी लागते. एका विषयाचे ६० तास झाले, तर ४५ तासांस हजर राहणें प्राप्त होतें. उरलेले १५ तास कारणावांचून चुकवतां येतात. सबबीची खरी गरज सोळाव्या तासापासून भासूं लागते.

सबबींचे प्रकार मोजूं गेल्यास ते फारसे नाहींत. पहिला मान अर्थातच प्रकृतीचा. त्यांतहि ताप विशेष सोयीचा. कारण तो जातांना मागें कांहीं खूण ठेवीत नाहीं. टर्मच्या अखेरीस कमी हजेरीवाल्यांची यादी फळ्यावर लागली, कीं जुलैमध्यें विसरला गेलेला ताप सप्टेंबरांत डॉक्टरी दाखल्यासह पुन्हां प्रकट होतो. दुसरा मान वाहनांचा. कर्जत-कसाऱ्याहून सकाळीं सातच्या तासासाठीं मुंबईस येणाऱ्याची लोकल खरोखरच चुकते. अडचण एवढीच, कीं कॉलेजपासून हांकेच्या अंतरावर राहणाऱ्याचीहि ती कधीं कधीं चुकते. २६ जुलै २००५ या दिवशीं मुंबईच्या सांताक्रूझ भागांत एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. अशा वेळीं कोणी कोणाला पुरावा मागत नाहीं. परंतु असे दिवस विरळा. एरवीं पावसाचीहि साक्ष काढावी लागते.

आणि शेवटीं येते ती आजी. या विषयावर अमेरिकेंतील माइक ॲडम्स नांवाच्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनीं १९९० सालीं एक मिस्किल लेख प्रसिद्ध केला. अनेक वर्षांच्या आपल्या नोंदी समोर ठेवून त्यांनीं गंभीर मुद्रेनें असें दाखविलें, कीं सहामाही परीक्षा जवळ आली म्हणजे विद्यार्थ्यांच्या आज्या दगावण्याचें प्रमाण सुमारें दहापट होतें, आणि अंतिम परीक्षेच्या सुमारास तें एकोणीसपट होतें. त्यांतहि नातू अभ्यासांत कच्चा असेल तर आजीच्या जिवाला धोका अधिक! नातवंडांच्या काळजीनेंच या वृद्धा प्राण सोडीत असाव्यात, असा निष्कर्ष काढून त्यांनीं उपायहि सुचविला तो असा: परीक्षाच बंद कराव्या, किंवा अनाथांनाच प्रवेश द्यावा.

लेख वाचून कोणाहि शिक्षकास हसूं यावें. पण या विनोदाला दुसरी बाजू आहे. अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या आज्या वृद्धच असतात आणि त्यांतील कांहीं खरोखरच वारतात. परीक्षेचें वेळापत्रक पाहून मृत्यु थांबत नाहीं. जिनें अंगाखांद्यावर खेळविलें तिला अग्नि देऊन आलेला मुलगा जेव्हां टेबलाजवळ उभा राहतो, तेव्हां तो नेमकें तेंच वाक्य उच्चारतो, जें ऐकून प्राध्यापकांच्या ओठांवर हसूं उमटण्याची संवय जडलेली असते. खोट्या सबबींनीं होणारी खरी हानि ती ही. त्यांत शिक्षकाचें फारसें कांहीं जात नाहीं. खऱ्या दुःखाची पत मात्र जाते.

दुसरीहि एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. खोटी सबब घरून तयार होऊन आलेली असते. तिला आरंभ असतो, शेवट असतो, क्वचित् कागदाचा आधारहि असतो. खरी अडचण अडखळत बोलते. “काल कां आला नाहींत?” असें विचारल्यावर “सर, झोप लागली” असें सांगणारा विद्यार्थी सर्वांत निर्ढावलेला वाटतो. पण तो रात्रपाळी करून पहाटे घरीं परतलेला असूं शकतो, आणि तें सांगण्याची त्याला लाज वाटत असते. शिकणारा मुलगा श्रमहि करतो, ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाहीं. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेनें ‘कमवा व शिका’ हेंच शिक्षणाचें सूत्र मानलें. जेथें असें सूत्र नाहीं, तेथेंहि कमावून शिकणारे असतातच. फक्त ते तसें बोलत नाहींत.

सबबीस तोंड देण्याच्या शिक्षकांच्या तऱ्हा साधारणतः तीन. कोणी पुरावा मागतात. त्यामुळें सत्य वाढत नाहीं, दाखले वाढतात. आणि ज्याच्या घरीं डॉक्टरची फी देण्याची ऐपत नव्हती व जो काढा घेऊन पडून राहिला, तोच खोटा ठरतो. कोणी सर्वांनाच मान डोलावून क्षमा करतात. मग तापांतहि वर्गांत येऊन बसलेल्या मुलाला आपण फसलों असें वाटूं लागतें. आणि कोणी भर वर्गांत कोटी करतात. वर्ग हसतो, पण त्यानंतर कोणी आपली अडचण त्यांच्यापाशीं बोलून दाखवीत नाहीं. तिघांचीहि दृष्टि सबबीवर असते, गैरहजेरीकडे कोणीच पाहत नाहीं.

वास्तविक पाहतां हजेरीपट नीट वाचला तर तोच पुष्कळ सांगतो. केवळ सोमवारीं गैरहजर राहणारा बहुधा गांवीं जाऊन येतो. रोज पहिलाच तास चुकतो, त्याचें घर दूर आहे किंवा त्याला नोकरी आहे. आणि जो नियमानें येत होता व अमुक एका तारखेपासून अजीबात येईनासा झाला, त्याच्यावर कांहींतरी आपत्ति आलेली असते. त्याची चौकशी तो सबब घेऊन येण्यापूर्वींच व्हावयास हवी. कांहीं अनुभवी शिक्षक याकरितां दोन गोष्टी करतात. ठराविक गैरहजेरीचें कारण ते विचारीतच नाहींत आणि अनेक चांचण्यांपैकीं सर्वांत कमी गुणांची एक सोडून देतात. त्यामुळें लहानसहान असत्याला गिऱ्हाईकच उरत नाहीं. त्यापुढें जो जाईल त्याला ते एकान्तांत बोलावतात.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे. २०१६ सालीं दिल्लींत हजेरी कमी म्हणून परीक्षेस बसूं न दिलेल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्यानें आत्महत्या केली. त्या प्रकरणीं दिल्ली उच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२५ मध्यें निर्णय दिला, कीं केवळ हजेरी अपुरी म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्यास परीक्षेस मुकवूं नये. नियम शिथिल झाले म्हणून वर्गाचें महत्त्व कमी होतें असें नाहीं. उलट विद्यार्थ्याला वर्गांत यावेंसें वाटावें, ही जबाबदारी शिक्षकावर अधिक येते.

विद्यार्थ्यावरहि एक जबाबदारी उरतेच. गैरहजर राहिलेला मुलगा दुसऱ्या दिवशीं येऊन कारणांची मालिका सुरू करण्याऐवजीं “सर, काल कोणता भाग झाला?” एवढेंच विचारील, तर बहुतेक प्राध्यापक कारण विचारावयाचें विसरून जातात आणि पुस्तक उघडतात.